फाइल सतरामधला ल

संपादिकाबाईंनी मला फसवलं. पैशात नाही. पैसे ठरले तेवढे आणि ठरल्या दिवशी आले. पैशात मला फसवणारा माणूस ग्वाल्हेरात अजून दुकान मांडायचा आहे. त्यांनी मला एका अक्षरात फसवलं. माझ्या आईच्या तोंडचा ल काढून त्या जागी ळ बसवला आणि पुस्तक छापून मोकळ्या झाल्या.

दाना ओली नावाच्या इथल्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. सुरुवात कचेरीबाहेर, झाडाखाली, भाड्याच्या टाइपरायटरवर केली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सगळं हिंदीत. मराठी टायपिंग मी नंतर स्वतःच शिकलो, कारण तेव्हा इथल्या मराठी घरांना लग्नपत्रिका मराठीत लागायच्या. आता त्याही हिंदीत निघतात. मराठी टाइप करणारे इथं चौघे होते. तिघे गेले, मी उरलो. एकटा उरलेला माणूस भाव वाढवतो. मीही वाढवला.

म्हणून पुण्याच्या त्या संस्थेचा फोन माझ्याकडे आला. पुष्कळ वर्षांपूर्वी एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन इथं आले होते. म्हाताऱ्या मराठी माणसांना समोर बसवून त्यांनी आठवणी भरून घेतल्या होत्या. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, मग मध्यभारतही मोडून नव्या राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला गेली, त्या काळाच्या. कोणाची पलटण मोडली, कोणाची कचेरी हलली, कोणाचा हुद्दा कारकुनावर आला. प्राध्यापक वारले. कॅसेटी संस्थेकडे पडून होत्या, त्या आता कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या, आणि ऐकून ऐकून टाइप करणारा माणूस हवा होता.

"काका, हे एका अर्थानं सांस्कृतिक कार्य आहे," बाई फोनवर म्हणाल्या. "सेवा म्हणून बघा."

"सेवा मी देवळात करतो, बाई. इथं मिनिटाचा दर आहे."

दर ठरला. फायली आल्या. बोलणाऱ्यांची नावं नव्हती, नुसते आकडे. सोबत सूचनांचा कागद होता. त्यातली तिसरी सूचना मला पाठ आहे: ग्वाल्हेरकडचे लोक ळ चा उच्चार ल असा करतात, तरी टाइप करताना तो दुरुस्त करावा.

सूचना खोटी नाही. इथली आजची पोरं 'काल' म्हणतात तेव्हा त्यांना यम म्हणायचाय की आदला दिवस, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. हिंदीच्या पाण्यात ळ विरघळला. पण सगळ्यांचा विरघळला, हे बाईंना पुण्यात बसून कोणी सांगितलं? माझी आई साताऱ्याकडून लग्न होऊन आली होती. तिचा ळ असा पडायचा की समोरचा दचकावा. शेजारणी 'भोपाल' म्हणाल्या की ती तिथल्या तिथं 'भोपाळ' म्हणून दुरुस्त करायची, आणि शेजारणी तिच्यामागे तिची नक्कल करायच्या.

सोळा फायली मी केल्या. सतरावी उघडली आणि आवाज आला, "हं, बोलू का?" ती माझी आई होती.

तिला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिनं असं कुठं बोलून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं. आमच्यात सांगण्याची पद्धतच नव्हती, आणि त्याचं कारण इथं लिहायलाच हवं.

माझे वडील सचिवालयात कारकून. कचेरी भोपाळला हलली तेव्हा वडील, आई आणि तान्ही बहीण भोपाळला गेले. मी दाना ओलीत मामाकडे राहिलो. आईच्या मागोमाग आजोळही साताऱ्याहून इथंच आलं होतं, मामाची किराणा मालाची टपरी होती. मी पाच वर्षांचा होतो. "दोन वर्षांत नेतो" म्हणाले होते, मॅट्रिक होईपर्यंत कोणी नेलं नाही, आणि नंतर मी गेलो नसतो. घरात याची एक गोष्ट ठरलेली होती. "त्यानंच हट्ट धरला. मामाला सोडून येतच नाही म्हणाला." प्रत्येक लग्नात ही गोष्ट हसत सांगितली जायची. पुढं पुढं मीही सांगायला लागलो.

मला कुठलाही हट्ट आठवत नाही. मला आठवतं ते इतकंच, की मामानं मला वाघ बघायला फूलबागेत नेलं. वाघ झोपला होता. परत आलो तेव्हा घरातल्या दोन ट्रंका नव्हत्या.

निवृत्त झाल्यावर आईवडील परत आले ते माझ्याच घरात राहिले. मी ठेवून घेतलं. विचारलं काही नाही. धंद्यात मी एक नियम पाळला आहे: ज्याची गरज दिसली, त्याचा भाव पडला. घरातही तोच पाळला.

तर फाइल सतरा. आई बोलत होती. डाळीचे भाव, नव्या राज्यात कोणाला क्वार्टर मिळालं आणि कोणाला नाही. मग हे वाक्य आलं:

"ऑफिस भोपाळला गेलं. आम्ही निघालो. पण मू... इथंच ठेवलं. त्याशिवाय जमणारच नव्हतं."

त्या 'मू'च्या पुढचं अक्षर मला ऐकू येईना. माझा लॅपटॉप जुना, दुसऱ्या हाताचा. हेडफोन लावला की कानात गूळ ठेवून माश्या सोडल्यासारखा आवाज. माऊस हलवला की टिरटिर, चार्जर लावला की गिरणीची घरघर. वाक्य संपल्यावर टेपवर नुसती खरखर होती, मग एक तुटका शब्द, मग पुढचा विषय.

मी सूचना क्रमांक तीन पाळली. 'मूळ इथंच ठेवलं' असं टाइप केलं, पुढं चौकटी कंसात 'अस्पष्ट' लिहिलं आणि अठरावी फाइल उघडली.

अठरावी पुढं सरकेना. मूळ? माझी आई? तिच्या तोंडी मूळ हा शब्द फक्त मुळ्याच्या भाजीच्या आसपास यायचा. घर म्हणायचं असेल तर ती घर म्हणायची, दार म्हणायचं असेल तर दार. मूळ ठेवतात ती माणसं व्याख्यानाला जातात. आई व्याख्यानाला गेली तर झोपायची.

मी सुनेला हाक मारली. ती घरूनच कुठल्या तरी कंपनीचं काम करते, दिवसभर कानाला हेडफोन. तिला ते वाक्य ऐकवलं.

"काय म्हणतेय बघ. शेवटचं अक्षर काय आहे?"

"मूल, बाबा."

"मूल की मूळ?"

"तेच तर बोलले मी. मूल."

"अगं, ल की ळ?"

"हां, तोच. ल."

"दोन वेगळी अक्षरं आहेत ती!"

"बाबा, तुम्ही दोन्ही वेळा एकच बोलताय," ती म्हणाली. मग हेडफोन हातात उलटासुलटा करून, "आणि हा आवाज किती बेकार आहे! लॅपटॉपचं साउंडच खराब आहे, हेडफोन बिचारा क्या करेगा? बाहरवालं साउंड कार्ड लावा ना. छोटंसं येतं. यूएसबीत घालायचं, हेडफोन त्याच्यात. आमच्या ऑफिसमध्ये सबके पास आहे."

या मुलीला ळ म्हणता येत नाही, एक वाक्य धड मराठीत संपवता येत नाही, आणि बरोबर तीच होती. मला त्याचाही राग आला.

माधवगंजात कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथं लॅपटॉप काखेत मारून गेलो. दुकानदारानं माझं म्हणणं अर्धंच ऐकलं आणि बशीएवढाल्या कानाचा एक हेडफोन समोर ठेवला.

"ये लीजिए अंकल. बेस देखिए इसका, दिल धड़क जाएगा."

"दिल अपने आप धड़कता है. मुझे बात सुननी है, बारात नहीं निकालनी."

त्याला समजावायला दहा मिनिटं गेली. मी म्हटलं, बाबा रे, नळाला गढूळ पाणी येतंय आणि तू मला चांदीचा पेला विकतोयस. पेला बदलून पाणी निवळत नाही. फायलीतले आकडे लॅपटॉपच्या पोटात आवाज होतात, आणि त्याच पोटात पंखा, बॅटरी आणि शंभर तारा गुरगुरत असतात. ते आकडे जसेच्या तसे बाहेर आणायचे आणि त्यांचा आवाज बाहेर करायचा. एवढंच मला हवंय, आणि ते तुझ्याकडे आहे का नाही ते सांग.

होतं. दोन होती. एक लाल-निळ्या दिव्यांचं, त्यावर कसले कसले आकडे छापलेले, आणि ते दीडपट महाग. दुसरं अंगठ्याएवढं, मळकट करडं, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक.

"नौ सौ."

"पहले सुनूँगा, फिर दाम बोलूँगा."

मी दहावी फाइल लावली, पलटणीतल्या एका हवालदाराची. सतरावी मी त्या दुकानात उघडली नसती. दिव्यांच्या डबीत हवालदार विहिरीतून बोलत होता. करड्या डबीत तो समोर बसला होता आणि त्याला सर्दी होती.

करडी डबी मी मुद्दाम बाजूला सारली आणि दिव्यांची हातात धरून बसलो. पाऊण तासानं करडी पाचशे तीसला घेतली.

"अंकल, आप तो खून पी गए," दुकानदार म्हणाला.

"तुझ्यात होतं कुठं?" मी मराठीत म्हणालो आणि निघालो.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. चार्जर काढला, कारण घरघर तिथूनच येते हे एव्हाना कळलं होतं. बॅटरी वीस मिनिटं चालते, तेवढी पुरेशी होती. करडी डबी लावली. टेपची खरखर गेली नाही, ती टेपच्या अंगचीच. पण ती आता मागं जाऊन बसली, आणि आई पुढं आली. तिच्या बांगड्या वाजत होत्या. बोलण्याआधी ती ओठ पुसायची, तेही कळत होतं.

"ऑफिस भोपाळला गेलं." ळ. टाळूला जीभ लावून, खणखणीत, शेजारणींना दचकवणारा.

"आम्ही निघालो. पण मूल इथंच ठेवलं." ल. दातांपाशी, मऊ. लागोपाठच्या वाक्यांत दोन्ही अक्षरं, एकाच तोंडची. चूक व्हायला जागाच नव्हती.

"त्याशिवाय जमणारच नव्हतं."

आणि मग, जिथं आधी नुसती खरखर होती, तिथं लांबून प्राध्यापकांचा आवाज आला. माइक आईकडे होता, म्हणून तो इतका बारीक.

"किती वर्षांचं होतं?"

"पाच." मग बांगड्या. "जाऊ द्या ते. पुढचं विचारा."

मी तीनदा ऐकलं. उठून पाणी प्यायलो. मग शटरखालून एक गिऱ्हाईक वाकून आत आलं, त्याच्यावर कारण नसताना ओरडलो. तो भाडेकरार दुसरीकडे गेला.

म्हणजे हट्ट नव्हता. तिनं ठेवलं होतं, आणि ठेवलं हे तिला माहीत होतं, आणि माझं वयसुद्धा तिला आठवावं न लागता सांगता येत होतं. माझ्याच घरात, माझ्या हातचं खात, इतकी वर्षं राहून हे तिनं मला सांगितलं नाही. सांगितलं एका परक्या प्राध्यापकाला. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण आयुष्यात एकदा ती खरं बोलली होती, आणि ते माझ्या हातून टाइप व्हायचं होतं.

मी 'मूळ' खोडून 'मूल' केलं. 'अस्पष्ट' काढून प्रश्न आणि उत्तर लिहिलं. सोबत बाईंना कळवलं, की या फायलीत बोलणाऱ्या बाईंचा ळ स्वच्छ आहे, तिसरी सूचना लागू नाही.

चार दिवसांनी फोन.

"काका, फाइल सतरात तुम्ही मूल लिहिलंय. ते मूळ असणार ना?"

"नाही. मूल."

"अहो, पण तुमच्याकडे ळ असतोच कुठं!" आणि हसल्या. "गोड वाटतं हो ते ऐकायला."

"त्याच ठिकाणी भोपाळ आहे. त्यातला ळ ऐका, मग हा ल ऐका."

"ऐकलं मी. मला काही फरक जाणवला नाही."

"कशावर ऐकलं?"

"लॅपटॉपवरच. पण माझा हेडफोन चांगला आहे, मुलीनं अमेरिकेहून आणलाय."

चांदीचा पेला. मी त्यांना नळाची गोष्ट पुन्हा सांगितली. "आणि पुढचा प्रश्न?" मी विचारलं. "किती वर्षांचं होतं? पाच?"

"तिथं मला नुसती खरखर येते. काका, खरं सांगू का? 'मूळ इथंच ठेवलं.' अंगावर काटा आला माझ्या. आपलं माणूस कुठंही गेलं तरी मूळ सोडत नाही. सगळी वेदना त्या तीन शब्दांत आहे. आणि मूल कोणी ठेवून जातं का असं?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं, की बाई, ते मूल मी. सांगितलं नाही. गरज दाखवायची नाही, हा नियम जिभेवर बसलाय. मी त्यांच्याशी आवाजावर भांडलो, उच्चारावर भांडलो, जीभ कुठं लागते त्यावर भांडलो. ज्यावर भांडायचं ते सोडून.

मग मी अशी गोष्ट केली जी जन्मात केली नव्हती. माधवगंजात जाऊन तशीच दुसरी करडी डबी घेतली, घासाघीस न करता, आणि माझ्या खर्चानं कुरिअर करून पुण्याला पाठवली. चिठ्ठीत लिहिलं: चार्जर काढा, ही लावा, हेडफोन हिच्यात घाला, फाइल सतरा ऐका.

आठवड्यानं उत्तर आलं. "काका, तुमचा पेन ड्राइव्ह मिळाला. पण तो रिकामा आहे, त्यात काहीच दिसत नाही. फाइल ई-मेलनं पाठवाल का?"

त्यांनी चिठ्ठी वाचली नव्हती. डबीला हेडफोनचं भोक आहे हेही पाहिलं नव्हतं. ज्या बाईंना समोरचं भोक दिसत नाही, त्या पन्नास माणसांच्या बोलण्यावर हात फिरवत होत्या. मी पुन्हा समजावून लिहिलं. उत्तर आलं नाही. पुस्तक आलं.

माझ्या आईचं वाक्य त्यात आत कुठं तरी नाही. ते एका अख्ख्या प्रकरणाचं नाव आहे, मोठ्या टायपात: मूळ इथंच ठेवलं. मागच्या कव्हरवरही आहे. प्राध्यापकांचा प्रश्न नाही, 'पाच' नाही, 'जाऊ द्या ते' नाही. प्रस्तावनेत 'स्थानिक टंकलेखक' असे आभार आहेत.

आईचं बोलणं छापून येतंय, हे बहिणीला मीच सांगून बसलो होतो. तिनं भोपाळहून फोन केला.

"दादा, वाचलं. रडलेच मी. आईला असं बोलता येत होतं? मूळ म्हणे! आणि बघ ना, तूच तेवढा मुळाशी राहिलास. हट्टानं राहिलास."

मी फोन ठेवला. साठ वर्षं ती गोष्ट तोंडी होती. तोंडी गोष्ट मरते कधी तरी. आता ती छापली, बांधली, ग्रंथालयात गेली.

मग मात्र नियम मोडला. बाईंना फोन करून सांगितलं, की सतरा नंबरची बाई माझी आई आणि ठेवलेलं मूल मी.

"अय्या, काका!" त्या म्हणाल्या. "आधी नाही का सांगायचं! किती हृद्य आहे हे. पण वक्त्यांची ओळख आपण गुप्त ठेवतो ना, तो नियम आहे. पुढच्या आवृत्तीत बघू काही करता आलं तर. लेख लिहाल का तुम्ही यावर?"

हा तो लेख.

बाई, मी ओळख मागितलेली नाही. नाव नको, आभारही परत घ्या. तुमचा तो नियम आईचं नाव झाकतो, तिचं बोलणं झाकायला तो नाही. मी आधी सांगायला हवं होतं म्हणता. का? बोलणारी माझी आई नसती, कोणाचीही असती, तर ल चा ळ करायला परवानगी होती का? टाइप करणारा तिचा मुलगा निघाला म्हणून तुम्ही पकडल्या गेलात. बाकीच्या फायलींतल्या माणसांची पोरं टायपिंग करत नाहीत.

मला दोन प्रश्नांची उत्तरं हवी आहेत, आणि लेखी हवी आहेत. ती डबी तुम्ही एकदा तरी लावलीत का? आणि ळ लावलात तो कानानं ऐकून, की वाक्य कव्हरवर शोभेल म्हणून? ऐकून लावला असेल तर मला पुण्याला बोलवा, त्याच टेबलावर फाइल सतरा लावू आणि दोघंही ऐकू. शोभेल म्हणून लावला असेल, तर तसं स्वतःच्या सहीनं लिहून द्या. माझ्या आईनं एक मूल ठेवलं होतं. ते कोणाला विचारून खोडलंत, ते सांगा.